दहशतवादी कोणाला म्हणावे?

जुलै २०२५ या एका महिन्यात महाराष्ट्रात तीन गोष्टी घडल्या. १० आणि ११ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ सालच्या लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतला एक जण तर २०२१ सालीच तुरुंगात असताना वारला होता. ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २००८ सालच्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपींना निर्दोष सोडले. या तिन्ही प्रसंगी जी चर्चा झाली ती ज्यांनी लक्षपूर्वक ऐकली असेल, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. पहिल्या निकालाने जे अस्वस्थ झाले त्यांतले पुष्कळ जण दुसऱ्या निकालाने सुखावले, आणि पहिल्याने सुखावलेले दुसऱ्याने अस्वस्थ झाले. पुरावा काय होता, तो का टिकला नाही, हे विचारणारे थोडे. बाकी सगळीकडे 'दहशतवादी', 'देशद्रोही', 'शहरी नक्षलवादी', 'राष्ट्रीय सुरक्षा' हे शब्द बाजारात सुटी नाणी खुळखुळावीत तसे खुळखुळत होते.

हे शब्द सुटी नाणी नाहीत. ते हजाराच्या पटीतले धनादेश आहेत. त्यांवर कोणाची तरी सही असते आणि ते वटले की कोणाच्या तरी आयुष्याची दहा-पंधरा वर्षे वजा होतात. म्हणून या शब्दांचा अर्थ काय, ते कोणी वापरायचे आणि कोणत्या पुराव्यावर, हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

बँकेची शिस्त

माझी हयात बँकेत गेली. तिथे शब्दांची एक शिस्त असते आणि ती बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. हप्ता थकला की माणूस थकबाकीदार होतो. नव्वद दिवसांवर थकला की खाते अनुत्पादक होते. परंतु थकबाकीदार म्हणजे 'हेतुपुरस्सर थकबाकीदार' नव्हे. फेडण्याची ऐपत असून जो फेडत नाही, किंवा कर्जाचा पैसा भलतीकडे वळवतो, तो हेतुपुरस्सर. आणि त्यापुढचा शब्द 'फसवणूक', त्याची पायरी आणखी वेगळी. पाऊस न पडल्याने वैजापूर-गंगापूरकडच्या ज्या शेतकऱ्याचा हप्ता चुकला, त्याला कोणी कागदावर 'फसवणूक करणारा' लिहिले, तर तो एक शब्द त्याला पुन्हा कुठल्याही बँकेच्या दारात उभे राहू देणार नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सांगितले की, कर्जदाराच्या खात्यावर फसवणुकीचा शिक्का मारण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. शिक्का मारल्यानंतर नव्हे, आधी.

नोटांचेही तसेच. मळकी नोट, फाटकी नोट आणि खोटी नोट या तीन वेगळ्या वस्तू आहेत. मळकी नोट बदलून मिळते. फाटकीचा किती भाग शिल्लक आहे त्यावर पैसे ठरतात. खोटी नोट जप्त होते, तिच्यावर शिक्का बसतो, आणि ती आणणाऱ्याला पावती द्यावी लागते. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा सापडल्या तर महिन्याच्या अखेरीस पोलिसांना एकत्रित अहवाल जातो. पाच किंवा अधिक सापडल्या तर लगेच फिर्याद. हा फरक का? कारण कांद्याच्या पट्टीच्या पैशात एखादी खोटी नोट निघालेला शेतकरी आणि खोट्या नोटांची पुडकी फिरवणारा दलाल यांना एका मापाने मोजणे अन्याय्य तर आहेच, पण निरुपयोगीही आहे. शेतकऱ्याच्या मागे लागणारा हवालदार दलालाच्या मागे लागू शकत नाही.

हे उदाहरण मी उगाच घेतलेले नाही. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, ज्याला आपण 'यूएपीए' म्हणून ओळखतो, त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि 'दहशतवादी कृत्या'च्या व्याख्येत देशाच्या आर्थिक सुरक्षिततेचा समावेश झाला. उच्च दर्जाच्या बनावट चलनी नोटा छापणे, त्यांची तस्करी करणे किंवा त्या चलनात आणणे, आणि त्यायोगे देशाच्या चलनाच्या स्थैर्याला धक्का पोहोचवणे, हेही त्या हेतूने केले असल्यास दहशतवादी कृत्य ठरते. सीमेपलीकडून नोटा येत असतील तर हे योग्यच आहे. पण व्याख्येतले 'उच्च दर्जाच्या' आणि 'हेतू' हे दोन शब्द गाळा, आणि मग तोच कायदा कोणाकोणाच्या दारात जाऊन उभा राहील याची कल्पना करा. व्याख्येतला एकेक शब्द हा असा कुंपणाचा खांब असतो.

व्याख्या कोणाची?

दहशतवादाची जगाला मान्य अशी एकच व्याख्या आजही नाही. भारताने १९९६ साली संयुक्त राष्ट्रसंघात सर्वंकष कराराचा मसुदा मांडला. तीस वर्षे होत आली, तो मसुदाच आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सुरक्षा परिषदेने सर्व देशांना दहशतवादाविरुद्ध कायदे करण्यास भाग पाडले, पण ज्याच्याविरुद्ध कायदे करायचे तो दहशतवाद म्हणजे काय, हे त्या ठरावात सांगितले नाही. प्रत्येक देशाने आपापली फूटपट्टी घेतली.

अडचण कुठे आहे ते आपल्याच शहराच्या उदाहरणाने पाहता येते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे हा अठरा वर्षांचा मुलगा शिक्षणासाठी औरंगाबादेत राहिलेला होता. १९ एप्रिल १९१० रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. इंग्रजांच्या भाषेत ही माणसे 'अराजकवादी'. पुढे १९१९ साली ज्याला आपण रौलेट कायदा म्हणतो त्याच्या अधिकृत नावातच 'अराजकी आणि क्रांतिकारी गुन्हे' असे शब्द आहेत. आपल्या भाषेत कान्हेरे हुतात्मा. 'एकाचा दहशतवादी तो दुसऱ्याचा स्वातंत्र्यवीर' हे वाक्य अशा वेळी फेकले जाते आणि चर्चा संपते. ती संपू नये. चाफेकर काय किंवा कान्हेरे काय, त्यांनी नेम धरला तो एका अधिकाऱ्यावर. त्या कृत्याला राजकीय हत्या म्हणता येईल, आणि तिच्या नीतिमत्तेबद्दल आजही वाद घालता येईल. लोकलच्या डब्यात घरी चाललेल्या अनोळखी माणसांखाली बॉम्ब ठेवणे ही निराळी जात आहे. तिथे मरणारा कोण आहे याच्याशी मारणाऱ्याला कर्तव्यच नसते. मरणाऱ्याचे प्रेत हा उरलेल्यांना पाठवलेला निरोप असतो. दहशतवादाचे मर्म हे आहे: सामान्य माणसांवर हिंसा, आणि तिच्या भीतीतून सरकारला किंवा समाजाला वाकवण्याचा हेतू. कृत्य आणि हेतू, दोन्ही हवेत. हे माप धरले तर कर्त्याचा धर्म, जात, विचारसरणी, भाषा यांना व्याख्येत जागा उरत नाही, आणि ती उरू नये.

आपल्या कायद्याची व्याख्या याहून रुंद आहे. 'यूएपीए'च्या पंधराव्या कलमात दहशत बसवण्याच्या हेतूबरोबरच दहशत बसण्याची 'शक्यता' असेल तरीही पुरे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दहशतवादी कृत्य हा गुन्हा प्रथमच सर्वसाधारण फौजदारी कायद्यात आला. त्याच कृत्याची नोंद संहितेखाली करायची की 'यूएपीए'खाली, हे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी ठरवतो. एका अधिकाऱ्याने निवडलेल्या नावावर पुढचे सगळे अवलंबून असते. जामीन मिळणार की नाही, आरोपपत्राला नव्वद दिवस की एकशे ऐंशी, हे त्या नावाने ठरते. 'यूएपीए'च्या एका कलमाप्रमाणे आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तरी न्यायालय जामीन देऊ शकत नाही. खटला मात्र दहा-दहा वर्षे चालतो. म्हणजे शब्द आधी येतो आणि पुरावा मागून, सावकाश.

२०१९ च्या दुरुस्तीने सरकारला संघटनेप्रमाणे व्यक्तीलाही 'दहशतवादी' म्हणून यादीत घालण्याचा अधिकार मिळाला. पहिल्या यादीत मसूद अझर, हाफिज सईद, लखवी आणि दाऊद इब्राहिम ही चार नावे होती. त्यांच्याबद्दल कोणाला अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु यादीत नाव घालण्याआधी म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद कायद्यात नाही. नाव वगळण्यासाठी अर्ज करायचा तो नंतर, आणि तोही आधी सरकारकडेच. बँकेला कर्जदाराला 'फसवणूक करणारा' म्हणण्याआधी त्याचे ऐकावे लागते. सरकारला नागरिकाला 'दहशतवादी' म्हणण्याआधी ऐकावे लागत नाही. दोन्ही शब्दांत अधिक जड कोणता, हे सांगायला कायद्याचे पदवीधर असण्याची गरज नाही.

माप अचूक असले की

अचूक माप म्हणजे गुन्हेगाराला सूट, असा एक समज आहे. तो खोटा आहे आणि ते सिद्ध करणारा खटला आपल्याच शहराच्या नावाने ओळखला जातो. मे २००६ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने चांदवड-मनमाड रस्त्यावर दोन गाड्यांचा पाठलाग केला. एक गाडी सापडली, दुसरी निसटली. त्या आणि पुढच्या छाप्यांत मिळून ४३ किलो आरडीएक्स, १६ एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसे हाती लागल्याचे सांगण्यात आले. निसटलेल्या गाडीत जो होता असा आरोप होता तो बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा जबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात कराचीहून सूचना देणाऱ्यांत तो होता असा त्याच्यावर आरोप आहे. २०१२ मध्ये सौदी अरेबियातून त्याला भारतात आणले.

या 'औरंगाबाद शस्त्रसाठा' खटल्याचा निकाल जुलै-ऑगस्ट २०१६ मध्ये लागला. त्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. संघटित गुन्हेगारीचा 'मोक्का' या खटल्याला लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. मोक्काखाली पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो; त्यामुळे तपास यंत्रणांना तो कायदा हवासा असतो. तो आधार गेला. तरीही 'यूएपीए', शस्त्र कायदा आणि स्फोटक पदार्थ कायदा यांखाली बारा जण दोषी ठरले. अन्सारीसह सात जणांना जन्मठेप झाली, दोघांना चौदा वर्षे, तिघांना आठ वर्षे. बाकीच्यांपैकी ज्यांच्याविरुद्ध पुरावा पुरला नाही ते सुटले. चुकीचे नाव काढून टाकल्याने खटला कोसळला नाही. स्फोटके खरी होती, त्यामुळे शिक्षाही झाली.

१९९३ च्या मुंबई स्फोटांच्या खटल्यातही एका आरोपीबाबत असेच झाले. अभिनेता संजय दत्त याच्यावर 'टाडा' होता. २००६ साली न्यायालयाने तो दहशतवादी नाही असे म्हटले आणि शस्त्र कायद्याखाली मात्र त्याला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो दोष कायम ठेवला आणि शिक्षा कमी करून पाच वर्षांची केली. त्याच्या चाहत्यांना ती जास्त वाटली, विरोधकांना कमी. पण जवळ बेकायदा शस्त्र बाळगणे आणि २५७ माणसे मारणाऱ्या कटात असणे यांतला फरक न्यायालयाने सोडला नाही. प्रसिद्ध माणसाच्या बाबतीत हा फरक आपल्याला चटकन पटतो. बीडच्या, परभणीच्या, मालेगावच्या अप्रसिद्ध माणसाच्या बाबतीत तितक्याच चटकन पटतो का?

संशयित, आरोपी, दोषी

मराठीत या अवस्थांसाठी स्वच्छ शब्द आहेत. ज्याच्यावर नजर आहे तो संशयित. ज्याच्यावर आरोप ठेवला तो आरोपी. ज्याच्यावर तो सिद्ध झाला तो दोषी. खटला उभा राहण्याइतकाही पुरावा नसेल तर माणूस आरोपमुक्त होतो. खटला चालून सुटला तर निर्दोष मुक्त. बँकेतही संशयास्पद व्यवहाराचा अहवाल दिल्लीला पाठवतात, पण तो पाठवला म्हणून खातेदार गुन्हेगार होत नाही. किंबहुना असा अहवाल पाठवल्याचे त्याला किंवा इतर कोणाला कळू द्यायचे नाही असा नियम आहे. संशय हा तपासाचा आरंभ आहे, निकाल नाही.

वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर मात्र अटकेच्या दिवशीच 'मास्टरमाइंड' सापडतो. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे मेली. त्या प्रकरणी नऊ मुसलमान माणसे धरली गेली. पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर त्यांना जामीन मिळाला. राष्ट्रीय तपास संस्थेने २०१३ मध्ये वेगळ्याच माणसांवर आरोपपत्र ठेवले. २०१६ साली न्यायालयाने पहिल्यांना आरोपमुक्त केले. २०१० च्या पुण्यातील जर्मन बेकरी स्फोटात सतरा जण मेले. त्या खटल्यात बीडच्या हिमायत बेगला २०१३ मध्ये फाशी झाली. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कटाच्या मुख्य आरोपांतून त्याला मुक्त केले आणि स्फोटके बाळगल्याची शिक्षा कायम ठेवली. तो निष्पापही नव्हता आणि जे म्हटले गेले तेही नव्हता. अशा माणसासाठी आपल्या मथळ्यांत शब्दच नसतो.

इथे जे मेले त्यांच्या घरच्यांचा विचार करा. लोकल स्फोटांत १८० हून अधिक माणसे गेली. एकोणीस वर्षांनी त्यांना सांगण्यात आले की, आरोप शंकेपलीकडे सिद्ध करण्यात फिर्यादी पक्ष सपशेल अपयशी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत म्हटले की, तूर्त हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. मालेगावच्या २००८ च्या स्फोटात सहा जण गेले. सतरा वर्षांनी तिथेही दोषी कोणी नाही. घाईने चिकटवलेला शब्द निर्दोषाचे आयुष्य खातो हे खरे. पण तो खऱ्या गुन्हेगारालाही पाठीशी घालतो. ज्या दिवशी चुकीचा माणूस 'मास्टरमाइंड' ठरतो त्या दिवसापासून खऱ्या माणसाचा शोध थांबतो. शब्दांच्या बाबतीत सैल असणे ही देशभक्ती नव्हे. ती तपासातली हयगय आहे.

सुरक्षा कोणाची?

'राष्ट्रीय सुरक्षा' हा दुसरा भारदस्त शब्द. सर्वोच्च न्यायालयाने डॉ. राममनोहर लोहिया यांच्या प्रकरणात त्याचे एक सोपे चित्र काढून ठेवले आहे. १९६५ साली लोहियांना पाटण्यात स्थानबद्ध केले. नियमात 'सार्वजनिक सुव्यवस्था' हा शब्द होता. जिल्हा दंडाधिकाऱ्याने आदेशात 'कायदा व सुव्यवस्था' लिहिले. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. हिदायतुल्ला म्हणाले, एकात एक तीन वर्तुळे कल्पा. सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आतले, सर्वांत लहान, राज्याच्या सुरक्षेचे. बाहेरच्या वर्तुळात घडलेली प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळाला धक्का देते असे नाही. शब्द नियमात बसत नव्हता म्हणून लोहिया सुटले.

या लहान वर्तुळाची हाव प्रत्येक सत्तेला असते. निजामाच्या राज्यात १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला. ते गाणे शांततेला धोका ठरले. चळवळ उस्मानिया विद्यापीठात पोहोचली, शेकडो विद्यार्थी काढले गेले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूरने आसरा दिला. दहा वर्षांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, भारताचे सैन्य रणगाड्यांसह हैदराबाद संस्थानात शिरले. त्या लष्करी मोहिमेला आपण आजवर 'पोलीस अॅक्शन' म्हणत आलो. तो शब्दही विचार करून निवडलेला होता. युद्ध म्हटले असते तर हैदराबाद हे परके राष्ट्र ठरले असते, आणि निजामाची तक्रार तर आधीच सुरक्षा परिषदेत पोहोचली होती. मराठवाडा मुक्त झाला याचा आनंद मानणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे की, सुरक्षेच्या शब्दकोशातली नावे नेहमी वस्तूचे वर्णन करण्यासाठी नसतात. पुष्कळदा ती परिणाम साधण्यासाठी असतात.

१९७१ चा 'मिसा' हा नावाप्रमाणे अंतर्गत सुरक्षा राखण्याचा कायदा. आणीबाणीत त्याखाली संघाचे स्वयंसेवक, समाजवादी, सर्वोदयी सगळेच देशाच्या सुरक्षेला धोका म्हणून आत गेले. २०१८ पासून महाराष्ट्र सरकारने त्याच मिसाबंदींना सन्मानाने मानधन देण्याची योजना आणली. मध्यंतरी ती बंद पडली, २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. माणसे तीच होती. सरकार बदलले आणि धोक्याचा सन्मान झाला.

'राजद्रोह' आणि 'देशद्रोह' यांचीही अशीच सरमिसळ. लोकमान्य टिळकांवर १८९७ साली खटला झाला तेव्हा न्या. स्ट्रॅची यांनी 'अप्रीती' म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा. टिळकांना अठरा महिने झाले. १९०८ च्या खटल्यात त्यांनी 'केसरी'तल्या लेखांच्या सरकारी भाषांतरावरच आक्षेप घेतले होते. शब्द बदलला की आरोप बदलतो हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? स्वतंत्र भारतात १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालाने त्या कलमाला वेसण घातली: सरकारवर कितीही कडक टीका केली तरी हिंसेला चिथावणी नसेल तर गुन्हा नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम स्थगित केले. नव्या संहितेत 'राजद्रोहा'च्या जागी 'देशद्रोह' आणला, असे गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले. कलम १५२ वाचले तर तिथे सशस्त्र बंडाबरोबर 'विध्वंसक कारवाया' आणि 'फुटीरतेच्या भावना' हेही शब्द आहेत, आणि त्यांची व्याख्या नाही. राजा गेला हे उत्तम झाले. पण सरकार आणि देश एक नव्हेत हा केदारनाथचा धडा नव्या शब्दाबरोबर पुसला जाऊ नये.

आणि आता जनसुरक्षा. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी किती रक्त सांडले हे कोणी विसरू नये. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याजवळच्या एका भूसुरुंगाने पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक मारले गेले. ज्या पोलिसांना अशा रस्त्यांवरून जावे लागते त्यांना व्याख्येच्या काटेकोरपणाचा कंटाळा यावा हे समजण्यासारखे आहे. शत्रू लपलेला असतो, साक्षीदार घाबरलेले असतात, आणि बॉम्ब फुटण्याआधी हालचाल करावी लागते. त्यासाठी अधिकार हवेत, हे मान्य. परंतु त्या हिंसेसाठी कायदे आहेत. नवे विधेयक संयुक्त समितीकडे गेले, बारा हजारांवर सूचना आल्या, आणि रोख व्यक्तींवरून 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनां'वर आला. ही सुधारणाच म्हणायची. पण 'तत्सम' म्हणजे काय? शाळेच्या व्याकरणात तत्सम शब्द संस्कृताशी ताडून पाहता येतो. इथे कशाशी ताडायचे? 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे हेही आहे. मिठाचा सत्याग्रह, 'वंदे मातरम्'ची चळवळ, हैदराबाद स्टेट काँग्रेसवरची बंदी मोडणारा सत्याग्रह, या सगळ्या अवज्ञाच होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत भूपतीसारखा ज्येष्ठ माओवादी नेता साठ साथीदारांसह शरण आला. चळवळ ओसरते आहे. ती ओसरली तरी 'तत्सम' हा शब्द कायद्याच्या पुस्तकात राहील, आणि उद्याचे सरकार त्याचा अर्थ लावील. आजच्या सरकारवर विश्वास असणाऱ्यांनीही उद्याचे सरकार डोळ्यांपुढे आणून हा शब्द वाचावा.

करायचे काय?

कायदे करणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. व्याख्येतली 'शक्यता', 'तत्सम', 'भावना' यांसारखी दारे बंद करावीत. आणि कोणालाही कायमचा शिक्का मारण्याआधी त्याचे ऐकून घेण्याचा जो नियम बँकेला लागू आहे तो स्वतःला लावून घ्यावा. ज्या प्रकरणी विलंब घातक ठरेल तिथे तात्पुरती कारवाई आधी आणि सुनावणी ठरावीक दिवसांत, असेही करता येते. संपादकांनी 'मास्टरमाइंड' हा शब्द निकालाच्या दिवसापर्यंत कुलपात ठेवावा, आणि अटकेची बातमी ज्या पानावर, ज्या टाइपात छापली, त्याच पानावर, त्याच टाइपात सुटकेचीही छापावी. वाचकांनी एक सवय लावून घ्यावी: कोणाला दहशतवादी किंवा देशद्रोही म्हटलेले वाचले की, कृत्य काय, हेतू काय, आणि हे सांगतो कोण, असे तीन प्रश्न विचारावेत. माणसाचे नाव आपल्या जवळचे असो वा लांबचे, प्रश्न तेच ठेवावेत. खरी कसोटी तिथेच आहे.

आपल्याच शहरातल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये एक निकाल दिला होता. माजलगावात नागरिकत्व कायद्याच्या दुरुस्तीविरुद्ध लोकांना शांततेने बसायचे होते आणि त्यांना परवानगी नाकारली होती. खंडपीठाने तो नकार रद्द केला. एका कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून माणसे गद्दार किंवा देशविरोधी ठरत नाहीत, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिले. ज्या कायद्याला त्यांचा विरोध होता तो चांगला की वाईट, यात न्यायालय शिरले नाही. त्याने फक्त एक जड शब्द, जिथे तो ठेवायला नको होता तिथून, उचलून बाजूला ठेवला. जुंदालला जन्मठेप होते आणि माजलगावच्या माणसाला मैदान मिळते, हे दोन्ही एकाच राज्यात घडू शकते. ते तसे घडत राहावे यासाठीच शब्द तोलून वापरायचे असतात.